आधी पैलतीर, मग पंगत

मंडळी, आज जरा लांब लिहिणार आहे. निवांत वेळ काढून वाचा.

वसई-भाईंदर रो-रो २० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या विरारच्या मारंबळपाड्याहून समोरच्या खारवाडेश्रीला, म्हणजे जलसार-सफाळ्याच्या बाजूला, बोट जायला लागली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून जेमतेम दीड किलोमीटर. तेव्हापासून आमच्या मनवेलपाड्याच्या कट्ट्यावर एक विषय ठरलेलाच असतो. गोव्यात मांडवीवर संध्याकाळी जेवणाची बोट फिरते, दिवे, गाणी, गरम जेवण, तशी आपल्या वैतरणेत का नको? डिनर क्रूझ! विरारचं नाव होईल, पोरांना रोजगार मिळेल, पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न सुटेल.

कल्पना वाईट नाही. पाण्यावर बसून मासळी खायला मलाही आवडेल. पण नदीवर पंगत मांडण्याआधी त्या नदीवर आजवर कोण, कशासाठी, कुणाच्या पैशाने ये-जा करत आलं हे बघायला हवं. इतिहास इथे नुसता शोभेला नाही, त्यात आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सुरुवात मांडवीपासूनच करू.

पणजीला सांता मोनिका धक्क्यावरून गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या बोटी सुटतात. सूर्यास्ताच्या फेऱ्या तासाभराच्या, जेवणाची फेरी त्याहून मोठी. वरच्या डेकवर फुगडी होते, पोर्तुगीज धाटणीचं नृत्य होतं, आणि देखणी होते. देखणी म्हणजे गोव्याचा गाण्यासकट नाचाचा प्रकार. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध देखणी तुम्ही ऐकली नसली तरी तिची छाया ऐकली आहे, १९७३ च्या 'बॉबी' सिनेमातल्या एका गाण्यात तीच चाल आहे.

आता त्या देखणीची गोष्ट काय आहे बघा. एका नर्तकीला नदीच्या पलीकडे दामूच्या लग्नाला जायचं आहे. वाट माहीत नाही, म्हणून ती नावाड्याला विनवते, पलीकडे पोचव. अंगावरचा एकेक दागिना काढून देऊ करते आणि तो नको नको म्हणतो.

म्हणजे गाणं आहे पलीकडे जाण्याच्या गरजेचं. ते वाजतं कुठे? ज्या बोटीतला एकही माणूस पलीकडे जाणार नाही अशा बोटीवर. जेवणाच्या बोटीचं वैशिष्ट्यच हे की ती कुठेही जात नाही. ज्या धक्क्यावरून सुटते त्याच धक्क्याला परत लागते. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, उतरतात. त्याच पणजीत जवळच दुसरा धक्का आहे, तिथून बेतीला जाणारी सरकारी फेरीबोट सुटते. पायी माणसाला तिथे तिकीट नाही. त्या देखणीतली बाई आज असती तर फेरीबोटीने फुकट गेली असती, दागिने अंगावरच राहिले असते.

या दोन बोटींचं नातं काय, हाच आजचा विषय.

जगात इतर ठिकाणी बघितलं तर जेवणाची बोट ही बहुतेक वेळा प्रवासी बोटीचीच लेक असते. पॅरिसच्या सेन नदीवरच्या 'बातो-मूश' बोटी जगप्रसिद्ध आहेत. त्या मुळात ल्यों शहरात बांधलेल्या प्रवासी बोटी. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी त्या सेनवर आल्या आणि पॅरिसकर त्यांतून प्रवास करायला लागले. पुढे ट्राम आली, मेट्रो आली, बोटीचे प्रवासी आटले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, ज्याँ ब्रुएल नावाच्या माणसाने त्याच नावाची कंपनी काढून पर्यटकांना फिरवणं आणि जेवू घालणं सुरू केलं. आपल्याकडे केरळची हाऊसबोट तशीच. ते केट्टुवल्लम म्हणजे भात वाहून नेणारी मालाची होडी. रस्ते झाले, माल ट्रकमध्ये गेला, रिकाम्या होडीत पलंग आणि स्वयंपाकघर आलं.

थोडक्यात क्रम असा: आधी गरजेची बोट, मग पूल आणि रस्ता, मग मौजेची बोट. तिथे लोकांची जाण्यायेण्याची सोय दुसरीकडे झाली होती, म्हणून मौजेची बोट कुणाच्या वाटेत आली नाही. आपल्या वैतरणेत तो मधला टप्पा सगळ्यांसाठी पूर्ण झालाय का, हे पुढे बघूच.

आता आपल्या भागात या.

नाशिकला पांडवलेण्यांत दहा नंबरचं लेणं आहे. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा मोठा कोरीव लेख आहे. ऋषभदत्त असंही त्याचं नाव लिहितात. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेण्यात मान वर करून ती अक्षरं बघताना मला सगळ्यात जास्त आश्चर्य एका यादीचं वाटलं. या माणसाने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर नावेने फुकट उतार सुरू केला असं तिथे कोरलंय. दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार नदी, दाहनुका म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं डहाणूचं पाणी, असं अभ्यासक मानतात. लेखातला शब्द आहे 'पुण्यतर'. पुण्य म्हणून चालवलेली तर. कोकणात आपण आजही होडीच्या उताराला तर म्हणतो, तीच.

आणि नुसती नाव नाही हं. नदीच्या दोन्ही काठांवर त्याने सभा आणि प्रपा केल्या. सभा म्हणजे बसायची, विसाव्याची जागा. प्रपा म्हणजे पाणपोई. आजच्या भाषेत सांगायचं तर फेरीबोट मोफत, दोन्ही बाजूला प्रतीक्षागृह आणि पिण्याचं पाणी. आपल्या किती जेटींवर आज धड सावली आणि नळ आहे, ते तुम्हीच बघून या.

त्याच लेखात आणखी एक नाव येतं, शोर्पारग. उषवदाताने जिथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या त्या गावांत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन यांच्या जोडीला शोर्पारग आहे. हे शोर्पारग म्हणजे आपलं नालासोपारा. मनवेलपाड्याहून रिक्षाने जाता येईल असं. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जिथे सापडले, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी जिथे बुरुड राजाच्या कोटात स्तूप उकरला, तेच सोपारा. जुनं बंदर. म्हणजे या किनाऱ्यावर नदी ओलांडण्याच्या सोयीची जी इतकी जुनी लेखी नोंद आपल्याकडे आहे, ती फुकट आणि सगळ्यांसाठी असलेल्या सोयीची आहे. राजघराण्यातल्या माणसाला ती दगडावर कोरून ठेवण्याइतकी मोलाची वाटली.

यानंतर मधली कित्येक शतकं ओलांडून आपण पोर्तुगीजांच्या काळात येऊ. कारण मांडवी आणि आपली खाडी यांचं खरं नातं तिथे जुळतं.

आपलं आगाशी सोळाव्या शतकात लाकूड आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेलं होतं. वसई हातात येण्यापूर्वीच, १५३० च्या सुमारास, पोर्तुगीजांनी आगाशीवर हल्ले केले. मग आला २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वसई व आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. हा तह झाला कुठे? किल्ल्यात नाही, दरबारात नाही. 'साव मातेउश' नावाच्या पोर्तुगीज गलबतावर. जहाजावर सह्या झाल्या आणि काठावरच्या कोळी, आगरी, भंडारी, कुपारी माणसांचा धनी बदलला. काठावर कुणाला विचारलं नव्हतं. बहादूरशहाचं पुढे काय झालं तेही ऐका. १५३७ मध्ये तो दीवला पोर्तुगीज गव्हर्नरच्या जहाजावर भेटीला गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत बुडून मेला.

वसई पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं झाली, गोवा राजधानी. दोन्हींमध्ये समुद्र हाच रस्ता. त्या रस्त्याने आपला दगड गेला. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये ते पूर्ण झालं. त्याचा मूळ दगड तिथला जांभा, पण दर्शनी भागातलं कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे तो वसईहून जहाजाने नेलेला. पुढच्या वेळी मांडवीकाठच्या जुन्या गोव्यात गेलात तर त्या दगडाला हात लावून बघा. माहेरचा आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. राज्यं बदलली, खाडी तीच राहिली. माणसं, भाजी, मीठ, लाकूड, मासळी पाण्यावरूनच जात होती.

हे बदललं रेल्वेने. बी. बी. अँड सी. आय. कंपनीने वसईच्या खाडीवर आणि वैतरणेवर पूल टाकले. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. दिवसातून एक जाणार, एक येणार. आज आपण ज्या गर्दीत रोज चिरडतो तिची ती पणजी. त्या दिवसापासून विरारने हळूहळू पाण्याकडे पाठ फिरवली आणि तोंड रुळाकडे केलं. स्टेशन हे गावाचं दार झालं, बंदर हे मागचं अंगण. दीडशे वर्षांत आपण इतके रुळावर गेलो की शहराला तीन बाजूंनी पाणी आहे हेही विसरलो. वैतरणेचं पाणी मुंबई पिते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच वैतरणेच्या मुखाशी आपण राहतो हे किती जणांच्या लक्षात असतं?

पण सगळ्यांना पाठ फिरवणं परवडलं नाही. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर माणसं राहतात, त्यांना भाजीपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यासाठी होडीच लागते. वसईच्या खाडीत नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू बेट आहे, तिथली पोरं होडीतून शाळा-कॉलेजला येत आली आहेत. आणि वैतरणेत, रेल्वेच्या दोन पुलांच्या मध्ये वाढीव-वैतीपाडा आहे. डोक्यावरून राजधानी एक्स्प्रेस जाते, आणि गावच्या माणसाला वैतरणा स्टेशन गाठायला त्याच रेल्वे पुलावरून जीव मुठीत धरून चालावं लागत आलंय. मागून गाडी आली तर कडेला अंग चोरून उभं राहायचं. बाईच्या डोक्यावर ओझं, कडेवर लेकरू.

मघाचा प्रश्न आठवा. गरजेची बोट, मग पूल, मग मौजेची बोट. आपल्याकडे तो मधला टप्पा लोकलच्या प्रवाशासाठी १८६७ ला झाला. वाढीवच्या माणसासाठी रेल्वेचा पूल झाला, त्याच्या पायांसाठीचा नाही झाला. अशा नदीवर दिवे लावून पंगत बसणार असेल आणि जवळच एखादी म्हातारी रुळाच्या कडेने चालत असेल, तर तो घास घशाखाली कसा उतरेल?

आता कुणी म्हणेल, गोव्यात बिघडलं काय? सांगतो. गोव्यात दोन धडे आहेत.

पहिला धडा, तर मोडू नये. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पणजी आणि बारदेश यांचा थेट रस्ता एका दिवसात तुटला. मग लोकांना कुणी वाहून नेलं? फेरीबोटींनी. नवा पूल उभा राहीपर्यंत काही वर्षं त्यांनीच भार उचलला. गोव्याने पूल आल्यावर फेरीबोटी भंगारात काढल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करा. आपल्याकडेही खाडीवरचे पूल आहेत, रेतीउपशामुळे त्यांना धोका असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकतो. पाण्यावरची वाट जिवंत असणं हा शहराचा विमा आहे.

दुसरा धडा, मौजेच्या बोटीला मर्यादा हवी. गोव्यात १९९६ मध्ये जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाण्यावरच्या जहाजात कॅसिनोला वाट मोकळी झाली. कागदावरचा शब्द होता 'ऑफशोअर', किनाऱ्यापासून दूर. प्रत्यक्षात जहाजं उभी राहिली मांडवीत, पणजीच्या दारात. ती तिथून हलवा अशी मागणी पणजीकर वर्षानुवर्षं करतायत, सरकारं आश्वासन देतात आणि मुदतवाढही देतात. जुलै २०१७ मध्ये तर असं एक जहाज मांडवीत आणताना मिरामारजवळ वाळूत रुतून बसलं. सुरुवात नेहमी साध्या करमणुकीने होते. एकदा नदीतली जागा विकायची सवय लागली की पुढचा गिऱ्हाईक कोण येईल हे गावाच्या हातात राहत नाही.

आणि एक तिसरी गोष्ट, तीही आपल्या नदीच्या नावाची.

१८८८ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर एक आगबोट चालायची. तिचं नाव 'वैतरणा'. पण लोक तिला त्या नावाने ओळखतच नव्हते. तिच्यावर विजेचे दिवे होते, त्या काळात अप्रूपाची गोष्ट, म्हणून सगळे तिला 'वीजळी' म्हणायचे. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून ती मुंबईला निघाली. तिच्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला निघालेली मुलं होती. वाटेत वादळ झालं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं गेली असं मानतात. नंतरच्या चौकशीत निघालं की जीवरक्षक होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हती. दिवे होते, होड्या नव्हत्या.

'रामदास' १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिलेत. प्रत्येक वेळी जॅकेटांची आठवण नंतर येते. म्हणून रोषणाईच्या बोटीचं कौतुक करताना दिवे किती हे विचारण्याआधी जॅकेटं किती, माणसं मोजून घेतात का, हे विचारायचं.

बरं, मग करायचं काय? क्रूझ नकोच का? माझं म्हणणं साधं आहे. होऊ दे, पण रांगेत उभं राहून. रांग अशी:

१. आधी गरजेची बोट. रो-रो बारमाही, वेळेवर आणि पायी माणसाला परवडेल अशी चालावी. विद्यार्थी आणि रोज जाणाऱ्यांना लोकलसारखा पास मिळावा. वाढीव, पाणजू, अर्नाळा किल्ला यांना सुरक्षित ये-जा मिळाल्याशिवाय त्या पाण्यावर करमणुकीचा परवाना नको.

२. जेटी सगळ्यांची. क्रूझवाल्याला वेळ ठरवून द्या, धक्का देऊ नका. संध्याकाळी गेट लावून गावच्या माणसाला बाहेर ठेवणारी जेटी ही सरकारी पैशाने बांधलेली खासगी जागा होते.

३. कोळ्यांना आधी विचारा. जाळी कुठे लागतात, उधाणाला पाणी कसं ओढतं, ओहोटीला कुठे गाळ उघडा पडतो, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त कळतं. १५३४ ला काठाला विचारलं नव्हतं, निदान आता विचारू.

४. पंगतीने तरीला पोसावं. क्रूझच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा स्थानिक फेरीच्या खर्चाला आणि जेटीवरच्या सावली-पाण्याला जावा. हा माझा शोध नाही, उषवदाताने काठावर पाणपोई बांधली तेव्हापासूनची ही रीत आहे. आणि जेवण इथल्याच बायकांच्या हातचं असू द्या, बाहेरून आणलेलं पनीर टिक्का खायला खाडीत कशाला जायचं?

५. सुरक्षेत सूट नाही. जॅकेट अंगावर, माणसं मोजून, पावसाळ्यात बंद. वाढदिवस कुणाचाही असो.

एवढं झालं तर पहिल्या संध्याकाळी मीही तिकीट काढीन. वैतरणेच्या मुखाशी सूर्य बुडताना दिसतो तो मांडवीपेक्षा कमी नाही. फक्त त्या बोटीतून बाहेर बघताना शेजारून भरलेली फेरीबोट जाताना दिसली पाहिजे. सफाळ्याची भाजीवाली, कॉलेजची पोरं, मोटरसायकलवाला, सगळे आपापल्या घरी निघालेले. तरच ती नदी शहराची म्हणायची.

शेवटी एक काम सांगतो. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना विचारा, पूर्वी तुम्ही खाडी कुठून ओलांडायचात, तरीवाला कोण होता, किती पैसे घ्यायचा. बंदराचं नाव, काठाचं नाव, जे आठवेल ते खाली लिहा. आगाशी, अर्नाळा, नारंगी, दातिवरे, सफाळे, नायगाव, सगळीकडून यायला हवं. जेटीचा पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा गावाकडे स्वतःची यादी हवी. उषवदाताने सहा नद्यांची नावं दगडावर ठेवली म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. आपल्या तरींची नावं निदान इथे तरी राहू देत.